ग्रामसभा गेली, तिच्या जागी काय आलं?

(साने गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ मुक्ताईनगर येथे दिलेलं व्याख्यान)



साने गुरुजींच्या स्मरणार्थ बोलताना लेआउट, गटारी, ठेकेदाराची बिलं असले विषय कशाला, असं काहींच्या मनात येईल. गुरुजी म्हटलं की 'श्यामची आई' आठवते, आणि ते योग्यच आहे. पण खानदेशाने पाहिलेले गुरुजी तेवढेच नव्हते. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि त्याच्या उभारणीसाठी धनाजी नाना चौधरींच्या बरोबरीने गुरुजीही राबले. 1938 साली अतिवृष्टीने पूर्व खानदेशातली पिकं गेली, तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून त्यांनी गावोगाव सभा घेतल्या; त्याच वर्षी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक सुरू केलं. आणि 1947 च्या मे महिन्यात, ज्या पंढरपूरला इथून दरवर्षी मुक्ताईची पालखी जाते, त्याच पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून ते प्राणांतिक उपोषणाला बसले. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकांशी हीच गोष्ट बोलून घेतली होती. लोकांचा प्रश्न लोकांसमोर मांडायचा, चारचौघांत बोलायचा, ही त्यांची रीत होती. आजचा माझा विषय त्या रीतीला सोडून नाही.

माझी नोकरी नगररचनेत गेली. लहान गावांचे नकाशे करणं, आराखड्यांवरच्या हरकती ऐकणं, लेआउट तपासणं, हे माझं काम. त्या कामातून जे समजलं ते इथे मांडतो.

मुक्ताईनगर वाढतंय, हे सांगायला आकडे नकोत. बसस्थानकावरून चारही बाजूंना नजर टाकली तरी दिसतं. नागपूर-सुरत महामार्ग इथून जातो आणि चिखली ते तरसोद हा त्याचा टप्पा चौपदरी झाला आहे. इंदूरहून बऱ्हाणपूरमार्गे हैदराबादकडे जाणारा महामार्गही इथेच येऊन मिळतो.  दोन मोठे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे पेट्रोलपंप, गोदामं, हॉटेलं, गॅरेज येणारच. आणि त्यांच्यामागे येतात प्लॉट. काल ज्या वावरात केळी होती, तिथे आज रंगवलेले दगड रोवलेले दिसतात, मधून मुरमाचा रस्ता जातो आणि कमानीवर नगराचं नाव झळकतं. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या काळ्या कसदार जमिनीमुळे ते मिळालं, त्याच जमिनीचे गुंठे करून आपण विकतो आहोत.

मी वाढीच्या विरोधात नाही. मुलं शिकली, त्यांना शेतीत राहायचं नाही. खेड्यातली कुटुंबं शाळा-दवाखान्यासाठी तालुक्याला येतात. त्यांना घर हवं. ते हक्काचं आहे. प्रश्न एवढाच की वाढीचा निर्णय कोण घेतं, तो घेतला जात असताना बाकीचे लोक कुठे असतात, आणि त्यांना तो कळतो तेव्हा काही बदलायची सोय उरलेली असते का.

या तालुक्याला हा प्रश्न नवा नाही. तापीवरचं हतनूर धरण 1982 मध्ये पूर्ण झालं. त्याला 41 दरवाजे आहेत. ते पाणी कालव्यांतून शेतीला जातं, दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राला जातं, आयुध निर्माणींना जातं. जिल्ह्याच्या प्रगतीत त्याचा वाटा मोठा आहे. पण फुगवटा आला तो तापी-पूर्णेच्या या काठांवर. इथली शेतं पाण्याखाली गेली, वस्त्या हलल्या. ज्यांनी जमीन दिली त्यांच्यातल्या कित्येकांना नव्या वसाहतीत रस्ता, स्मशानभूमी, पाण्याची टाकी यांसाठी वर्षानुवर्षं अर्ज करत फिरावं लागलं. पुनर्वसनाच्या फायलींत 'नागरी सुविधा' असा मथळा असतो. तो मथळा किती काळ उघडा राहतो, हे धरणग्रस्तांना विचारा. तेव्हा निर्णय मुंबईत झाले होते. आज तुमच्या गावाचा निर्णय मुंबईत होत नाही, इथे हाकेच्या अंतरावर असलेल्या नगरपंचायतीच्या इमारतीत होतो. म्हणून आज आपली जबाबदारी जास्त आहे.

आता मुद्द्यावर येतो. 2014 साली राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा द्यायचं ठरवलं. त्या धोरणातून पुढे मुक्ताईनगरची नगरपंचायत झाली आणि 2018 च्या जुलैमध्ये तिची पहिली निवडणूक झाली. 17 प्रभाग, 17 नगरसेवक, थेट निवडून आलेला नगराध्यक्ष, सरकारने पाठवलेला मुख्याधिकारी. गावाला शहराचा मान मिळाला. निधीची नवी दारं उघडली: नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, दलितेतर वस्ती सुधार. फटाके वाजले, ते रास्तच होतं.

त्या दिवशी एक गोष्ट गावाच्या हातून गेली, आणि तिच्याबद्दल कुणी हळहळ व्यक्त केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ग्रामसभा गेली.

ग्रामपंचायतीत वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सदस्य असतो. त्याला निवडून यावं लागत नाही, कुणाची परवानगी काढावी लागत नाही. मोलमजुरी करणारी बाई सरपंचासमोर उभी राहून विचारू शकते, माझं नाव घरकुलाच्या यादीतून का उडालं? आणि सरपंचाला, ग्रामसेवकाला तिथेच, सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं. गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तिथे जमाखर्च वाचला जातो, लाभार्थ्यांची निवड होते. आपल्या राज्यघटनेने सामान्य माणसाला थेट, प्रतिनिधीशिवाय, राज्यकारभारात बसवलं असेल तर ते याच एका ठिकाणी.

नगरपंचायत झाली की ही सभा राहत नाही. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने, जी 1 जून 1993 पासून लागू झाली, शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या, पण त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांपुरत्या. मुक्ताईनगर कुठे, तीन लाख कुठे! पुढे 2009 साली महाराष्ट्राने नागरी कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद आणली. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेचा निधी हवा तर नागरिकांच्या सहभागाचा कायदा करा, अशी अट होती, म्हणून ती आली. ती आली तशी कागदावरच राहिली. म्हणजे गाव ग्रामपंचायत होतं, निधी थोडा होता, जमिनीला भाव नव्हता, तेव्हा लोकांना विचारण्याचा हक्क होता. जमिनीला सोन्याचा भाव आला, कोट्यवधींचा निधी यायला लागला, आणि नेमक्या त्याच वेळी तो हक्क संपला. कुणी कारस्थान करून हे केलेलं नाही. कायदा करणाऱ्यांनी शहर म्हटलं की डोळ्यासमोर मुंबई-पुणे आणलं. वीस-पंचवीस हजार वस्तीचं, अर्धं शेतीत आणि अर्धं बाजारात असलेलं गाव त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

इथे कुणी म्हणेल, ग्रामसभा तरी कुठे धड चालत होत्या? घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घ्यायच्या, तहकूब सभा घ्यायची म्हणजे गणपूर्तीची कटकट नाही, पारावर दहा माणसं जमवायची आणि ठराव लिहून टाकायचे. खरं आहे. मीही अशा सभा पाहिल्या आहेत. तरीही मी ग्रामसभेची बाजू घेतो, कारण हक्क असेल तर तो वापरणारी एखादी पिढी कधीतरी येते. हिवरे बाजार हे गाव ग्रामसभेच्या बळावरच घडलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने सर्वसहमतीने निर्णय घेणारी सभा उभी केली. हक्कच नसेल तर उद्या जागी होणारी पिढी काय हातात घेऊन उभी राहील?

आता जमिनीकडे वळतो, कारण माझं आयुष्य तिच्या नकाशांत गेलं.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा. त्यात विकास आराखड्याची पद्धत घालून दिली आहे. आधी नगरपंचायत आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग सध्या कुठली जमीन कशासाठी वापरली जाते त्याचा नकाशा होतो. मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो: इथे रस्ता, इथे बाजार, इथे बगीचा, इथे शाळेचं मैदान, इथे दफनभूमी, इथे कचरा प्रकल्प. त्यानंतर हरकती आणि सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. पुढच्या वीस वर्षांचं गाव कसं असेल, ते सांगायला गावाला 30 दिवस. राजपत्रात सूचना येते, वर्तमानपत्रात बारीक टाइपात येते, कार्यालयाच्या भिंतीवर नकाशा लागतो. मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते.

त्या सुनावण्यांत मी बसलोय. कोण येतं सांगू? ज्याच्या शेतावर आरक्षण पडलं तो येतो. वकील घेऊन येतो, मोजणीचा नकाशा घेऊन येतो, आणि त्याने यावंच, तो त्याचा हक्क आहे. माझं मैदानाचं आरक्षण उठवा, बगीचा शेजारच्या गटात न्या, रस्ता 12 मीटरऐवजी 9 मीटर करा. एकामागून एक अशाच हरकती. आणि ज्या पाचशे पोरांना ते मैदान मिळणार होतं, त्यांच्या वतीने कुणीही आलेलं नसतं. समितीपुढे एक बाजू अख्खी मांडली जाते, दुसरी बाजू रिकामी खुर्ची असते. मग आरक्षण हललं तर नवल काय? अधिकारी दर वेळी विकला गेलेला असतो असं नाही. समोर एकच आवाज असेल तर प्रामाणिक माणसालाही तोच न्याय वाटायला लागतो. एका गावच्या सुनावणीला एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. त्यांची जमीन नव्हती, नातेवाईकाची नव्हती. समितीने विचारलं, तुमची हरकत काय? ते म्हणाले, हरकत नाही, मैदान आहे तिथेच राहावं एवढं सांगायला आलोय. शाळेला दुसरी जागा नाही. पाच मिनिटं बोलले आणि बसले. ते आरक्षण हललं नाही. माझ्या उभ्या नोकरीत मला असे लोक फार थोडे भेटले.

आरक्षण ठेवलं की काम झालं, असंही नाही. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत नगरपंचायतीने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. जमीन मोकळी. महाराष्ट्रातल्या कितीतरी लहान शहरांची मैदानं अशी गेली. पैसे नव्हते, हे एक कारण. दुसरं कारण असं की नोटीस आल्याचं गावाला कळलंच नाही. ती आवक-जावक रजिस्टरात नोंदली गेली, फायलीत लागली, आणि 24 महिने संपले. ग्रामसभेसारखी एखादी सभा असती आणि तिच्यात दर तीन महिन्यांनी 'आलेल्या नोटिसा' एवढा विषय वाचला गेला असता, तर लोकवर्गणीतूनही एखादं मैदान वाचलं असतं.

लेआउटमधल्या मोकळ्या जागेचं दुखणं याहून साधं आहे, आणि घराघरातलं आहे. 2020 च्या डिसेंबरात राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्याप्रमाणे 4,000 चौरस मीटर, म्हणजे साधारण एकरभर किंवा जास्त जमिनीचं लेआउट असेल तर 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. नकाशावर ती सोडलेली असते. तुम्ही प्लॉट घेताना विक्रेत्याने ती दाखवलेलीही असते: इथे मंदिर होणार, इथे पोरं खेळणार. पण ती जागा रीतसर नगरपंचायतीच्या ताब्यात गेली का? सात-बाऱ्यावर नाव कुणाचं? कित्येक ठिकाणी ते मूळ मालकाचंच असतं. वीस वर्षांनी त्याचे वारस वाटणी मागतात, आणि ज्यांनी ओपन स्पेसमध्ये लिंबाची झाडं लावली ते हवालदिल होतात. रस्त्यांचंही तसंच. लेआउटचा रस्ता हस्तांतरित झाला नाही, तर नगरपंचायत म्हणते तो आमचा नाही, विकणारा केव्हाच निघून गेलेला असतो, आणि पावसाळ्यात शाळकरी मुली चप्पल हातात घेऊन चिखलातून जातात. हद्दीच्या रेषेपलीकडे, शेजारच्या ग्रामपंचायतीच्या शिवारात प्लॉट पडले असतील तर मग विचारूच नका. वस्ती एकच, कचरा एकच, नाला एकच, पण मालक दोन आणि जबाबदार कुणीच नाही.

पाण्याला सातबारा वाचता येत नाही. नाला बुजवून प्लॉट पाडले तर पूर्णेकडे जाणारं पाणी खालच्या वस्तीत शिरतं, आणि खालच्या वस्तीत नेहमी गरिबांची घरं असतात. मंजुरी देणाऱ्या टेबलावर ती घरं दिसत नाहीत. ती दिसायची तर त्या घरातल्या माणसाला, मंजुरी मिळण्याआधी, बोलायची जागा हवी.

आता पैशाकडे येतो. यात मला दूरचं उदाहरण द्यायची गरज नाही. जळगाव तासा-दीड तासावर आहे.

जळगाव नगरपालिका एके काळी देशात नावाजली जात होती. सतरा मजली इमारत बांधणारी नगरपालिका म्हणून तिचं कौतुक होत असे. त्याच काळात झोपडपट्टीवासीयांसाठी घरकुल योजना आखली गेली. 11 हजारांवर घरं बांधायची होती. पूर्ण झाली दीड हजाराच्या आसपास. ठेकेदाराला कोट्यवधी रुपये आगाऊ दिले गेले. योजनांसाठी हुडकोकडून घेतलेल्या कर्जाचा बोजा शहराने पुढे वर्षानुवर्षं वाहिला, महापालिकेची बँक खाती गोठवण्यापर्यंत पाळी आली. 2006 च्या फेब्रुवारीत तत्कालीन आयुक्त डॉ. प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवलं. त्यांत मोठा भरणा माजी नगरसेवकांचा होता. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलं आहे, त्यामुळे कोण किती दोषी यावर मी काहीही बोलणार नाही. ते न्यायालयाचं काम. मला त्यातली दुसरी गोष्ट सांगायची आहे. फिर्यादीपासून निकालापर्यंत 13 वर्षं गेली. शिक्षा झाली असेल किंवा नसेल, ज्या कुटुंबांना घर मिळायचं होतं त्यांची पोरं तोवर झोपडीतच मोठी झाली. न्यायालय दोषी ठरवू शकतं. गेलेली वर्षं परत देऊ शकत नाही.

आणि हे सगळं गुपचूप झालं का? ठराव सभेत आले होते. हात वर झाले होते. इतिवृत्तात नोंद होती. ते इतिवृत्त त्या वेळी, महिन्याच्या महिन्याला, चौकाचौकात वाचलं गेलं असतं तर? 1880 साली व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार होते, त्यांच्या स्वागतावर नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. सदस्य असलेल्या जोतिराव फुल्यांनी त्याला विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते एकटे पडले, पण त्यांचा विरोध नोंदला गेला आणि लोकांना कळला, म्हणून आज सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटल्यावरही आपण तो सांगतो. नगरसेवकाच्या हाताला वजन येतं ते कुणीतरी तो हात पाहत असेल तेव्हा.

असा हिशोब लोकांसमोर वाचण्याचा प्रयोग राजस्थानात झाला. तिथल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी जनसुनवाई घेतली. तिथे भाषणं फारशी नव्हती. हजेरीपट आणि बिलं मोठ्याने वाचली गेली. अमुक माणसाने इतके दिवस काम केलं, अमुक ठिकाणी इतक्या ट्रॉली दगड आले. आणि समोर बसलेला माणूस उठून म्हणाला, मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो. अशा गावांतून देशाचा माहिती अधिकार कायदा उगवला. आपल्या महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या आंदोलनाच्या रेट्याने 2002 साली राज्याचा कायदा झाला, 2005 साली केंद्राचा. त्याच्या कलम 4 मध्ये 17 बाबी कार्यालयाने स्वतःहून जाहीर कराव्यात असं आहे. कुणी अर्ज करण्याची वाट पाहायची नाही.

इथे मला या तालुक्याच्या राजकारणाबद्दल दोन शब्द आदराने बोलायचे आहेत. हा मतदारसंघ लहान नाही. 1967 ते 1985 प्रतिभाताई पाटील इथून आमदार होत्या. पुढे त्या देशाच्या राष्ट्रपती झाल्या. 1990 पासून 2019 पर्यंत एकनाथराव खडसे सलग सहा वेळा इथून निवडून गेले. इतकं मोठं नेतृत्व लाभलेल्या गावाला एक सवय लागते. निधी वरून येतो, तो आणणारा कुणीतरी असतो, आणि मग चौकात फलक लागतो की भाऊंनी, दादांनी, ताईंनी इतक्या कोटींचा निधी आणला. कुणी आणला, यावर आपण भांडतो. तो कुठे गेला, रस्त्याची जाडी किती धरली होती आणि किती टाकली, मोजमाप पुस्तिकेत काय लिहिलंय, दोष दायित्वाचा कालावधी कधी संपतो, यावर आपण भांडत नाही. रस्ता दुसऱ्या पावसात उखडला तरी तो दोष दायित्वाच्या काळात ठेकेदाराने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, हे ज्या वस्तीला माहीत आहे तिला मोर्चा काढावा लागत नाही, एक अर्ज पुरतो.

मधल्या काळात लोकप्रतिनिधीही नव्हते. ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबत गेल्या आणि राज्यातल्या नगरपालिका, नगरपंचायती वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी बजावलं तेव्हा कुठे हालचाल झाली आणि 2 डिसेंबर 2025 रोजी नगरपरिषदा, नगरपंचायतींसाठी मतदान झालं. पाच वर्षांनी निवडणूक झालीच पाहिजे असं घटना सांगते. तरी ती लांबू शकते, हे आपण पाहिलं. नगरसेवक नसतानाही कर भरला जात होता, बिलं निघत होती, लेआउट मंजूर होत होते. लोकांची स्वतःची सभा असती तर त्या काळातही गावाला तोंड राहिलं असतं.

मग करायचं काय? त्यासाठी नवा कायदा यायची वाट पाहायला नको. केरळने 1996 साली लोकनियोजनाची मोहीम काढली आणि योजनाखर्चाचा 35 ते 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे देऊन गावसभांना कामं ठरवायला बसवलं, ते राज्याच्या पातळीवरचं धाडस होतं. मुक्ताईनगरला तेवढं नको. नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरेसा आहे: दर तीन महिन्यांनी प्रत्येक प्रभागात प्रभागसभा घेतली जाईल, तिथे नगरसेवक आणि मुख्याधिकाऱ्यांचा प्रतिनिधी हजर राहील. नगरसेविका असेल तर ती स्वतः उत्तर देईल, तिचे पती किंवा दीर नव्हे. त्या प्रभागातली मंजूर कामं, दिलेली बिलं, आलेली लेआउट प्रकरणं, कलम 127 च्या नोटिसा मराठीत, मोठ्या अक्षरात लावल्या जातील आणि वाचल्या जातील. अर्थसंकल्प मंजूर होण्याआधी एक फेरी या सभांची होईल. चतुर्थ वार्षिक कर आकारणी करताना कुणाच्या मालमत्तेचा किती कर ठरवला ती यादी तिथे ठेवली जाईल. अशा ठरावाला कुठलाही कायदा आडवा येत नाही. निवडून आलेल्यांच्या अधिकारातला एक कणही त्याने कमी होत नाही. ठराव करण्याचा हक्क त्यांचाच राहतो. फक्त ठराव करताना त्यांना लोकांचं म्हणणं माहीत असतं.

ताडवी वस्तीतली माणसं, धरणामुळे हललेली कुटुंबं, महामार्गालगत टपरी टाकून पोट भरणारे, नव्या कॉलनीत प्लॉट घेतलेले शिक्षक, केळीचे व्यापारी, हे सगळे आज एका नगरपंचायतीचे नागरिक आहेत आणि एकमेकांशी एका छताखाली बोलण्याची एकही अधिकृत जागा त्यांना नाही. ती जागा त्यांना द्या, अशी माझी नगराध्यक्षांना आणि सतराही नगरसेवकांना, ते कुठल्याही पक्षाचे असोत, हात जोडून विनंती आहे.

आणि इथे बसलेल्या तुम्हा सगळ्यांना एक सांगतो. 2018 च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांना आदेश दिला की दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. येत्या सोमवारी तुमच्या कॉलनीतले पाच-सात जण मिळून नगरपंचायतीत जा. आपल्या लेआउटचा मंजूर नकाशा मागा, मोकळी जागा कुणाच्या ताब्यात आहे ते पाहा, गेल्या वर्षी आपल्या गल्लीच्या नावाने निघालेल्या बिलांची मोजमाप पुस्तिका उघडायला सांगा. शांतपणे बसून वाचा आणि वहीत टिपून घ्या. जाताना एखाद्या शिकलेल्या मुलीला बरोबर न्या.